ओवाळलेली गाडी

जालना रोडला जुन्या गाड्यांच्या धंद्यात जे कोणी आहेत, ते मला 'नकोनाना' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण पाठ वळली की म्हणतात. हल्ली मला पाठ वळवायलाच इतका वेळ लागतो, की अर्धं तोंडावरच ऐकू येतं. म्हणोत बापडे. नाव मी कमावलेलं आहे.

माझं गॅरेज होतं चिकलठाण्याच्या अलीकडं. गुडघे गेले तेव्हा भाच्याच्या हवाली केलं. बसून काम होईना, पण आडवं पडून होत होतं, आणि गाडीखाली आडवंच पडावं लागतं. म्हणून मग हे सुरू झालं. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की तो मला सोबत नेतो. मी गाडी बघतो, खाली जातो, वर येतो, हात पुसतो आणि म्हणतो, "नको." माझं काम इतकंच. यात विद्या आहे का? आहे. पण सांगितली तर फार अवघड वाटणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे गाडी थंड असताना बघायची. विकणारा हुशार असला तर तुम्ही यायच्या आधीच इंजिन चालवून गरम करून ठेवतो, कारण म्हातारं इंजिन गारठ्यात कुरकुरतं आणि गरम झालं की गप्प बसतं. म्हणून मी रामराम घालायच्या आधी बॉनेटवर तळवा ठेवतो. दुसरी गोष्ट, चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून नुसतं उलटं टेकवायचं. झाकण निवांत बसलं तर ठीक, नाचायला लागलं तर समजायचं की इंजिनाला धाप लागते. तिसरी गोष्ट मीटरची. मीटर मागं फिरवता येतं, पण ब्रेकच्या पायटीवरचं रबर कुणाला मागं फिरवता येत नाही. ते घासून गुळगुळीत झालेलं असतं. फार तर नवं बसवतात. म्हणून मीटर थोडं आणि रबर कोरं करकरीत, पण सीटचा कोपरा फाटलेला, असं दिसलं की मी विकणाऱ्याच्या तोंडाकडं बघून हसतो. तोही हसतो. आमची ओळख पटते.

आपला गिऱ्हाईक मात्र यातलं काही बघत नाही. तो आधी हॉर्न वाजवतो, मग टायरला लाथ मारतो, मग गाण्यांचा आवाज मोठा करून बघतो. कन्नडच्या एका पाहुण्यानं घाटातून गाडी चालवून बघायची म्हणून घरचे सगळे पिकअपच्या मागच्या हौद्यात भरले होते. खाली उतरल्यावर म्हणाला, "नाना, गाडी लई ताकदीची हाय." मी म्हटलं, "राजा, तू उतारावरून आलास." सोयगावच्या एकाला मी इतक्या पिकअपना 'नको' म्हटलं, की शेवटी त्यानं कंटाळून म्हैस घेतली. म्हैस बघायला मला नेलं नाही.

यात एक गुपित आहे ते सांगून टाकतो. 'नको' म्हणणाऱ्याची चूक कधी उघडी पडत नाही. न घेतलेली गाडी कुठल्या रस्त्यात बंद पडली हे कोण बघायला जातं? 'घ्या' म्हटलं की मात्र प्रत्येक पंक्चरला आपली आठवण निघते. तेव्हा माझ्या 'नको'मध्ये विद्या किती आणि भीती किती, हे मला मेलं कुणी विचारलं नव्हतं. सुनीतानं विचारलं. तिचीच गोष्ट सांगायची आहे.

सुनीता करमाडची. शेंद्र्याच्या कारखान्यांत जे ठेकेदाराचे कामगार असतात त्यांना ती दुपारचं जेवण पुरवते. नवरा एका कारखान्यात पाळीवर असतो, या गोष्टीत तो कुठं येत नाही. घरात सासू, कौसाबाई. स्वयंपाक सासूसुना करतात, हाताखाली शेजारच्या बाया आहेत. आतापर्यंत जेवण भाड्याच्या तीनचाकीतून जायचं. मग एका मोठ्या ठेकेदारानं सगळ्या पाळीचं जेवण देऊ केलं. अट एकच, गाडी स्वतःची पाहिजे आणि सोमवारपासून जेवण वेळेवर गेटात पाहिजे. एक दिवस जरी कामगार उपाशी राहिले तरी काम दुसऱ्याला. सुनीतानं त्या आधीच गाडी शिकून लायसन काढून ठेवलं होतं. पोरीची हिंमत बघा. मला म्हणाली, "नाना, नवी झेपत नाय. जुनी पिकअप घ्यायची, पण मधी दगा देणारी नको. तुमी बघून द्या."

आम्ही गेलो पप्पूशेठकडं. जालना रोडला त्याचं जुन्या गाड्यांचं मैदान आहे. पप्पूशेठ मनानं वाईट नाही. गोड बोलतो, चहा स्वतः ओततो, आणि खराब गाडी विकताना त्याला खरोखर आनंद होतो. मैदानात कामाच्या दोनच पिकअप होत्या. एक पुढं उभी, चकाचक, मीटरवर साठ हजारसुद्धा नाही. दुसरी मागं भिंतीला, पोचे पडलेली, मीटर सव्वातीन लाखाच्या वर. सुनीतानं तो आकडा वाचला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं मी तिला मसणात घेऊन आलो.

"नाना, ही तर पृथ्वीला चकरा मारून आलीय."

"थांब जरा," मी म्हटलं.

त्या मागच्या गाडीचं बॉनेट थंडगार होतं, कारण तिला कुणी विकायच्या लायकीचीच समजत नव्हतं. पहिल्याच फिरकीला चालू झाली. थोडा पांढरा धूर आला, लगेच साफ झाला. झाकण उलटं ठेवलं, ते बसून राहिलं. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून मी ऐकलं. आत सगळं आपापल्या जागी होतं. पायटीचं रबर आरशासारखं घासलेलं, म्हणजे मीटर खरं बोलत होतं. सीटला एकाच माणसाच्या बैठकीचा खळगा. हौद्यात वाकून वास घेतला आणि मला सगळं कळलं. आंबलेलं दूध. ही गाडी दुधाच्या लाईनीला होती. दुधाची गाडी रोज पहाटे चालू व्हावीच लागते, नाहीतर दूध नासतं. त्यामुळं दूधवाला बायकोचं दुखणं एकवेळ अंगावर काढील, पण गाडीचं काढत नाही. रोजचा एकच रस्ता, एकच ड्रायव्हर, वेळेवर ऑइल. अशी गाडी सव्वातीन लाख पळाली असली तरी अजून पळते. क्लच तेवढा वर्षभरात टाकावा लागणार होता.

"मग घ्यायची का?" सुनीतानं विचारलं.

आणि माझी जीभ टाळूला चिकटली. इतक्या वर्षांची सवय. मी म्हणालो, "नको असं काही म्हणत नाही मी."

"म्हंजी घ्या म्हणता?"

"तसंही म्हणत नाही. ती पुढची बघू दे, मग बोलतो."

पुढची बघायला गेलो तर पप्पूशेठ म्हणाला, "नाना, उसकी चाबी लडका लेके गया. कल आओ ना." मला तेव्हाच वास यायला हवा होता. बाहेर आल्यावर मी सुनीताला एकच ताकीद दिली. पप्पूशेठची एक खास कला आहे. तो गाडी मैदानात विकत नाही, दारात विकतो. 'चालवून बघा' म्हणून गाडी गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन उभी करतो, तेही सकाळी, घरातल्या बायांची पूजा चालू असताना. दारात गाडी आली म्हटल्यावर आपल्या बाया काय करतात? ताट घेऊन बाहेर येतात. एकदा बॉनेटवर कुंकू लागलं, नारळ फुटला, शेजारणींना पेढा गेला, की गाडी परत पाठवायची कोणाची टाप आहे? घरात आलेली लक्ष्मी माघारी धाडली म्हणतात. मग इंजिन धापा टाकत असलं तरी ती लक्ष्मीच. पप्पूशेठनं अशा कितीतरी लक्ष्म्या जिल्हाभर पोचवल्या आहेत.

"मी बघितल्याशिवाय गाडी दारात येऊ द्यायची नाही," मी सांगितलं.

"नाय येऊ देत," सुनीता म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिचा फोन. आवाज रडवेला. "नाना, मी भाजी आणायला गेलते. आले तर ती चकचकीत गाडी दारात उभी हाय. आन आत्याबाईंनी ओवाळलंय."

मी कपाळावर हात मारला आणि करमाडची जीप धरली.

जाऊन बघतो तर लगीनघरच. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, आरशाला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, पायरीवर नारळाची कवटी. शेजारच्या बाया पदरात पेढे घेऊन गाडीभोवती फिरत होत्या. पप्पूशेठ खुर्चीवर बसून पोहे खात होता. मला बघून त्यानं ताटली खाली ठेवली नाही, हे त्याच्या आत्मविश्वासाचं लक्षण. आणि कौसाबाई, डोक्यावरून पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, गाडीला हात लावून अशी उभी की जणू सून आणली. सुनीता म्हणते, आत्याबाई कशालाही ओवाळतात. नवी शेगडी आली ओवाळली, मिक्सर आला ओवाळला, नळाला मीटर बसवायला आलेल्या माणसालासुद्धा सोडलं नव्हतं.

मी आधी बॉनेटवर तळवा ठेवला. गरम. झाकण उलटं ठेवलं तर ते उडी मारून खाली पडलं. पायटीचं रबर नवंकोरं आणि सीटच्या कडेचा स्पंज बाहेर आलेला. मग मी पोतं अंथरून खाली गेलो. चासी म्हणजे गाडीचा कणा, ज्याच्यावर सगळा भार असतो. ती काळ्या रंगानं ताजी रंगवलेली होती. रंग खरवडला तर मधोमध आडवा वेल्डिंगचा जोड. कुठल्या तरी अपघातात मोडलेल्या गाडीचा अर्धा भाग दुसरीच्या अर्ध्याला डकवला होता. जेवणाची भरलेली पातेली घेऊन खड्ड्यात आदळली असती तर काय झालं असतं, ते मी बोलत नाही.

बाहेर आलो, हात पुसले. "नको."

एका बाईनं तोंडाकडं नेलेला पेढा पुन्हा पदरात टाकला.

"काय म्हणलास?" कौसाबाई.

"मावशी, गाडी मोडलेली आहे. जोड आहे मधी."

"आरं, मी ओवाळलंय तिला! नारळ फोडलाय! शुक्रवारची लक्ष्मी दारातून माघारी लावायची व्हय? पोरीचं काम सोमवारी सुरू व्हायचंय आन तू अपशकून करतोस?"

पप्पूशेठ पोह्यांतून मान वर करून म्हणाला, "दादी, शुभ काम में ना नहीं बोलना. नाना की आदत है, उनको सब में खोट दिखती."

आता मी समजावू लागलो. मोठ्या आवाजात, हातवारे करून. चासी, वेल्डिंग, भार, खड्डा. कौसाबाई माझ्याकडं असं बघत होत्या, जसं पाठ विसरलेल्या कीर्तनकाराकडं लोक बघतात. सुनीता मधे उभी. तिचा चेहरा बघवेना. ही ठेवली तर गाडी दगा देणार, परत पाठवली तर सासू आयुष्यभर बोलणार, आणि दोन्हीकडून सोमवार बुडणार. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, नाना उगी म्हणत नसतात." तर कौसाबाई उसळल्या, "त्यो उगीच म्हणतो. त्याचं नावच हाय तसं!" म्हणजे नाव करमाडपर्यंत पोचलं होतं.

मी हात टेकले. म्हटलं, "मावशी, पटत नसंल तर तुम्हीच बघा खाली जाऊन."

मी रागानं बोललो होतो. पण कौसाबाईंनी पदर खोचला. "दाव. उजेडाला ब्याटरी कुठं हाय?" आणि बघता बघता म्हातारी पोत्यावर आडवी होऊन गाडीखाली सरकली. बाहेर फक्त दोन पावलं आणि जोडवी. पप्पूशेठनं पहिल्यांदा पोह्याची ताटली खाली ठेवली. "अरे दादी, कपडे खराब होंगे!"

खालून थोडा वेळ नखानं खरवडल्याचा आवाज येत राहिला. मग कौसाबाईंचा आवाज आला, "अगं बया! हे तर ठिगळ हाय!"

पुढं म्हणाल्या, "आन ठिगळ तरी धड हाय का? मी वाकळीला लावते त्याला चारी बाजूनं टाका घालते. ह्येनं एकीकडून चिकटवलं आन वरून काळं फासलं. मेल्यानं!"

बाहेर आल्या. केसांत माती, कपाळाला काळा रंग, कुंकू पुसटलेलं. पप्पूशेठकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ घरात गेल्या. दारात सगळे अवघडून उभे. मला वाटलं, म्हातारीच्या मनाला लागलं. ओवाळलेलं मोडायचं तरी कसं, या पेचात पडली असणार. त्यावर माझ्याकडं पाना नव्हता.

पण कौसाबाई बाहेर आल्या त्या वाटीत दही घेऊन. काखेत एक खण. पप्पूशेठपुढं उभ्या राहिल्या.

"हात कर पुढं."

त्यानं मुकाट्यानं केला. कौसाबाईंनी त्याच्या तळव्यावर दही घातलं. खण गाडीच्या आरशाला बांधला. मग जमलेल्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पाव्हण्याला ओवाळतो म्हणून काय त्याला घरात ठिवून घेतो व्हय आपुन? पाव्हणी आली, कुंकू लावलं, पेढा वाटला. आता तिची वटी भरली. निघू दे सुखरूप." आणि पप्पूशेठला, "आमी जाणाऱ्याला 'परत या' म्हणतो. तुला म्हणत नाय."

बायांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळ्याच हसल्या. पप्पूशेठनं दही चाटून घेतलं, काय करतो बिचारा. मी पंचेचाळीस मिनिटं वेल्डिंगवर व्याख्यान दिलं असतं तरी जे सुटलं नसतं, ते म्हातारीनं दह्याच्या वाटीत सोडवलं. मी तिथंच खुर्चीवर बसलो आणि पोटभर हसलो. लई वर्षांत कामावर असा हसलो नव्हतो.

हसू ओसरल्यावर सुनीता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "नाना, आज शुक्रवार हाय. आता ती दुधाचीच राह्यली. घेऊ का? आन 'नको म्हणत नाय' असं नका सांगू. मला त्यातलं कळत नाय. एक शब्द सांगा."

सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. पप्पूशेठ किल्ली हातात धरून तसाच थांबलेला, त्यालाही ऐकायचं होतं. इंजिन चांगलं आहे हे मला माहीत होतं. पण गाडी ती गाडी, तिच्या पोटात शिरून कोण आलंय? सोमवारी रस्त्यात एखादा पाइप फुटला तर या पोरीचं सगळं काम जाईल, आणि ते माझ्या एका शब्दापायी.

"तुमी एवढं भिता कामून नाना?" सुनीता म्हणाली. रागानं नाही, खरंच विचारत होती.

"बोल की एकदाचं," कौसाबाई म्हणाल्या.

"घ्या," मी म्हणालो.

पप्पूशेठच्या हातातून किल्ली पडली.

कागदांना वेळ लागतो, पण गाडी शनिवारीच करमाडला आली. या वेळी ताट घरातच होतं. कौसाबाई आधी हौद्यात चढल्या आणि चिंच-राख घेऊन तो असा घासला, की दुधाचा वास गेला आणि जुना रंगही गेला. मग ओवाळलं.

रविवार मला बरा गेला नाही. जेवताना क्लच, झोपताना क्लच. बायको म्हणाली, "गाडी त्यांनी घेतली का आपण?" सोमवारी सकाळी मी थैली भरली. पाने, पेचकस, फॅनचा पट्टा, रबरी पाइपाचा तुकडा, तार, एक ऑइलचा डबा. आणि कुणाला न सांगता शेंद्र्याला त्या कारखान्याच्या गेटसमोर लिंबाखाली जाऊन बसलो. दुपार झाली. भोंगा झाला. कामगार आतून बाहेर येईनात, आणि पिकअप येईना. मी रस्त्याकडं बघून बघून डोळे फोडून घेतले. प्रत्येक पांढऱ्या गाडीला उठून उभा राहायचो. शेवटी सहन होईना, फोन लावला.

"सुनीता, कुठं बंद पडली गं? सांग, मी थैली घेऊन आलोय."

फोनमध्ये ताटांचा खणखणाट. "बंद? आवं नाना, जेवणं चालू हायत! तुमी कुठं हाय?"

"गेटावर."

"कोणत्या गेटावर? जेवण मागच्या गेटानं जातं!"

मी कारखान्याला वळसा घालून मागच्या गेटावर पोचेपर्यंत अर्धी पंगत उठली होती. पिकअप सावलीत उभी. सुनीता हौद्यात उभी राहून वरण वाढत होती, ओढणी कमरेला बांधलेली. तिनं मला बघितलं, मग थैली बघितली. थैलीतून पट्ट्याची गुंडाळी बाहेर डोकावत होती.

"म्हंजी तुमालाच खात्री नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती."

"मग 'घ्या' म्हणले कसे?"

मला खोटं सुचलं नाही. म्हटलं, "पोरी, मला रात्रंदिवस नको म्हणून म्हणून वीट आला होता. गाडी चांगली होती आणि तू चांगली होतीस. म्हटलं, एकदा 'घ्या' म्हणून आपणही घाबरून बघावं."

ती खाली उतरली. मला गेटाच्या कट्ट्यावर बसवलं, ताटात दोन भाकरी, वरण, मिरचीचा ठेचा वाढला. मग माझ्या हातातली थैली घेतली आणि पिकअपच्या ड्रायव्हर सीटखाली ढकलून दिली. म्हणाली, "आता ही हितंच राहू द्या. तुमच्या हातात दिसली की मलाच भ्या वाटतं."

थैली अजून तिथंच आहे. दिवाळीला फराळ घेऊन येते तेव्हा सुनीता मला सीटखालून काढून दाखवते, पट्ट्याची गुंडाळीसुद्धा सुटलेली नसते.